काणसलिल्ल

गोवावेशीत माझं रेडियमचं दुकान.
आठ बाय सहा. एक कटर, एक स्टूल,
आणि डावा पाय, जो थंडीत माझ्या आधी जागा होतो.

लोक नावं कापून घ्यायला येतात.
कुणाला मडगार्डवर कुलदैवत,
कुणाला टाकीवर पोरीचं नाव,
कुणाला दुकानाची पाटी कन्नडमध्ये, कुणाला मराठीत,
दोघांनाही शेजारच्यापेक्षा अर्धा इंच मोठी.
मी कापतो. हाताला आता
दोन्हीकडची वळणं सारखीच लागतात.

काल मच्छ्याचा एक पोरगा आला,
भरमाण्णा बाळेकुंद्रींचा धाकटा.
नवी गाडी, मॅट काळी. हेल्मेट काळं, जॅकेट काळं.
म्हणाला, मामा, मागच्या लाईटला तेवढी काळी फिल्म मारा की.
का रे?
लूक येतोय.

मी स्टूलवरून उठलो नाही.

संकेश्वरच्या अलीकडे, गळीत हंगामातली रात्र.
पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या, एकीलाही दिवा नाही.
उसाची पानं तोंडाशी आली तेव्हा मी ब्रेक दाबला.
मागून टेम्पो.
माझा मागचा बल्ब आठ दिवस गेलेला. पंधरा रुपयांचा.

टेम्पोवाला रस्त्यात उकिडवा बसला,
बाटलीतलं पाणी माझ्या तोंडात, निम्मं कानात,
आणि एकच शब्द, रडत,
काणसलिल्ल री अण्णा, काणसलिल्ल.

तीन महिने दवाखान्याच्या पंख्याकडे बघत
मी त्या शब्दाचं व्याकरण केलं.
'मी बघितलं नाही' असं कुणी म्हणत नाही.
म्हणतात, 'तू दिसला नाहीस.'
मराठीत तसंच, कन्नडमध्ये तसंच.
एवढ्या एका बाबतीत
आमच्या भागात वाद नाही.

तेव्हापासून माझ्या जुन्या गाडीचा दिवा
मी भर दुपारी लावून फिरतो.
समोरून येणारे बोटं मिटतात, उघडतात,
लाईट चालू आहे, लाईट!
त्यांना वाटतं, विसरला म्हातारा.
मी मान हलवतो. दिसलो तर.

पोराला म्हटलं, फिल्म मारणार नाही,
दुसरीकडं जा, मारतील.
पण ऐकून जा. ट्रकच्या आरशात
ड्रायव्हरचं तोंड तुला दिसत नसेल
तर त्याच्या लेखी तू अजून जन्मायचा आहेस.
थांबायच्या आधी ब्रेक दोनदा टिचकव.
आणि ही पट्टी घे, पाठीला. पैसे नकोत.
तो हसला. मामा, जॅकेट सात हजारांचं आहे.

उद्यमबागेतले फौंड्रीवाले मात्र घेतात,
दुसरी पाळी सुटल्यावर
रात्रीच्याच रंगाचे होऊन निघणारे.
कणबर्गीच्या मल्लव्वानं
नवऱ्याच्या दुधाच्या किटल्यांना लावून घेतली,
वर म्हणाली, म्हशीलाबी एक द्या.
दिली.

रात्री कधी कधी पिरनवाडीच्या वळणावर जाऊन उभा राहतो.
तोंडं दिसत नाहीत. नुसते आवाज जातात खानापूरच्या अंगाला.
मग मागून एखादी लाल बस वळते
आणि माझी पट्टी पेटते,
एक, मग चार, मग मोजायचं राहून जातं.
प्रत्येकीचा खालचा डावा कोपरा तिरका.
कटरची खोड. बरं झालं, दुरुस्त केला नाही.

आज बसचा उजेड सरल्यावर
काळ्यावर काळं काहीतरी सरकलं,
मच्छ्याकडं.
तोच असेल, नसेलही.
दिसला नाही, असं तोंडात आलं.
गिळलं.

सकाळी दुकान उशिरा उघडेन.
खिशात एक पट्टी आहे,
हातानं कापलेली,
कोपरा सरळ.